गर्भिणी-परिचर्येतील एक दुर्लक्षित अंग : शिधापत्रिका

गर्भिणी-परिचर्या सांगताना आहार, विहार व मासानुमासिक योजना यांचा आपण सविस्तर विचार करतो. त्या स्त्रीचे नाव कोणत्या शिधापत्रिकेवर आहे, हे मात्र विचारत नाही. आम्हीही अनेक वर्षे विचारले नाही.

तासगाव परिसरात पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. माहेरच्या पत्रिकेवरील नाव कमी झालेले, सासरच्या पत्रिकेवर चढलेले नाही, अशी अवस्था वारंवार आढळते. आमच्याकडे सुवर्णप्राशनासाठी येणाऱ्या एका बालकास जन्मजात हृद्रोग असल्याचे अंगणवाडीतील तपासणीत निष्पन्न झाले. पत्रिकेवर पित्याचे नाव होते. माता व बालकाचे नव्हते. जन्माची नोंद माहेरगावी झालेली, दाखला कोणी आणलेलाच नव्हता. द्राक्षछाटणीच्या ऐन हंगामात रोजगार बुडवून पित्याचे हेलपाटे झाले व शस्त्रक्रिया लांबली. बालक दर पुष्य नक्षत्रास आमच्यासमोर येत होते. आम्ही एक प्रश्न विचारला असता, तर हे टळते.

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत व २०१३ साली राज्यभर सुरू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. २०२३ च्या शासननिर्णयाने प्रतिकुटुंब प्रतिवर्षी ५ लाख रुपयांचे संरक्षण सर्व शिधापत्रिकाधारकांना खुले झाले. पत्रिकेच्या रंगाची अट गेली. कागदाची गरज राहिली. शासकीय रुग्णालयातील प्रसूती, औषधे, तपासण्या व वर्षाआतील आजारी बालकाचे उपचार जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली विनामूल्य आहेत, हेही अनेकांस ठाऊक नसते.

वैद्यबंधू-भगिनींस आमची विनंती अशी : गर्भिणीच्या पहिल्या भेटीतच रुग्णपत्रकावर 'शिधापत्रिकेत नाव – आहे / नाही' ही ओळ भरावी. नाव नसल्यास सातव्या महिन्यापूर्वी सासरी चढवून घेण्यास सांगावे. जन्मनोंद २१ दिवसांत करावी. त्यासाठी बारशाची वाट पाहू नये. नावाविनाही नोंद होते व वर्षभरात नाव विनाशुल्क घालता येते. सुवर्णप्राशनाच्या दिवशी मात्रा देण्यापूर्वी जन्मदाखल्याची चौकशी करावी. औषधी दुकानदारांनी आवश्यक कागदांची यादी दर्शनी भागी लावावी.

यास खर्च नाही; दोन मिनिटांचा वेळ पुरे. काश्यपांच्या परंपरेत बालकाचे रक्षण हे वैद्याचे कर्तव्य होय. आजच्या काळी त्या रक्षणाचा आरंभ कधीकधी एका दाखल्यापासून होतो, एवढेच नम्रपणे सांगावयाचे आहे.