आरोग्याच्या समितीत आपली माणसे कुठे आहेत?

पुण्याहून नगरकडे येताना शिरूरजवळ घोड नदी ओलांडली की आपला जिल्हा सुरू होतो आणि थोड्याच वेळात पारनेर तालुक्यातील सुपा लागते. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण एसटीतली माणसे अजून नगरच म्हणतात. एके काळी दुष्काळी तालुक्यातले हे एक बाजाराचे गाव. आता महामार्गाच्या कडेला औद्योगिक वसाहत आहे, तिच्या नव्या भागात जपानी कंपन्यांसाठी जागा राखलेली आहे, आणि बीड-परभणीपासून बिहारपर्यंतची पोरे दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोल्यांत राहून पाळ्या भरत आहेत.

मध्यंतरी कार्यकर्त्यांच्या एका बैठकीसाठी आम्ही तिकडे गेलो होतो. विषय नेहमीचाच. जयंतीची वर्गणी, कमान, मिरवणूक, वक्ता कोण आणायचा. बोलणे रंगात आले असताना मागे बसलेल्या एक वयस्क मावशी उठल्या आणि म्हणाल्या, "जयंतीचं बोला दादा, पण आमचंबी ऐका. सुनेला रातच्याला कळा सुरू झाल्या. गाडी करून नगरला न्यावं लागलं. गाडीवाल्यानं दोन हजार घेतले. ते अजून फिटले न्हाईत."

समाजमंदिर गप्प झाले. कोणीतरी "हो मावशी, बरोबर आहे तुमचं" असे म्हणाले आणि चर्चा पुन्हा कमानीकडे वळली.

खरे सांगायचे तर आम्हीही तेव्हा गप्पच बसलो. घरी परतताना आठवले की, त्या सुनेला गाडी फुकट मिळायला हवी होती. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ साली सुरू झाला. सरकारी दवाखान्यातील बाळंतपण, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण, आणि घरून दवाखान्यात व दवाखान्यातून घरी नेणारी गाडी, हे सारे मोफत देण्याची हमी त्यात आहे. त्यासाठी १०२ क्रमांक आहे, तातडीसाठी १०८ आहे. बाबासाहेबांनी इंग्रजी सत्तेशी, सावकाराशी, खोताशी कायद्याने भांडायला शिकवलेल्या समाजाच्या बैठकीत चाळीस-पन्नास माणसे बसली होती. त्यांतल्या एकालाही हे सांगता आले नाही. आम्हालाही नाही!

आरोग्य हा चळवळीचा विषय नाही, तो डॉक्टरांचा आणि सरकारचा विषय आहे, असे आपण कधी ठरवले कोण जाणे. बाबासाहेबांनी तसे मुळीच मानले नव्हते. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला, आणि दुसऱ्या वर्षी तो कायदा झाला. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. कामगारांच्या आरोग्य विम्याची आखणी करणारा अडारकर अहवाल त्याच काळातला, १९४४ चा. त्यातूनच १९४८ चा राज्य कर्मचारी विमा कायदा आला. सुप्याच्या वसाहतीतील ज्या पोराच्या पगारातून आज ईएसआयची रक्कम कापली जाते, त्याच्या पगारपत्रकावरील त्या ओळीमागे हा इतिहास आहे. आणि ठेकेदाराकडच्या ज्या पोराला विम्याचे कार्डच मिळालेले नाही, त्याचा हक्क कोणी बुडवला हे विचारणे हेही चळवळीचेच काम आहे.

आणखी एक गोष्ट खास आपल्या जिल्ह्याची. १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे अहमदनगर दक्षिणमधून पी. जे. रोहम निवडून आले होते. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या सोयी सरकारने उपलब्ध कराव्यात, असा ठराव मांडला. त्यामागचे भाषण बाबासाहेबांनी तयार केले होते. सततच्या बाळंतपणाने खंगणाऱ्या बाईचा प्रश्न सभागृहात न्यायला तेव्हाचे बडे पुढारी लाजत होते, तेव्हा नगर जिल्ह्याच्या दलित आमदाराने तो नेला. ठराव फेटाळला गेला, हे सांगायला नकोच.

हा प्रश्न त्यांना पुस्तकातून कळला नव्हता. बाबासाहेब आणि रमाईंची पाच मुले, त्यांतील यशवंत तेवढे जगले. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न बालपणीच गेले. परदेशातल्या विद्यापीठांच्या पदव्या घेतलेल्या माणसाच्या घरची ही स्थिती, मग गावकुसाबाहेरच्या घरांतली मुले मोजायची कोणी?

मोजायची कोणी, हा प्रश्न पुढे २००१ साली साऱ्या महाराष्ट्रासमोर आला. राज्यातील १३ स्वयंसेवी संस्था एकत्र आल्या. गडचिरोलीच्या डॉ. अभय बंग यांचा त्यात पुढाकार होता. या संस्थांनी आपापल्या भागात घरोघर जाऊन जन्म आणि मृत्यू नोंदवले आणि 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला. त्यांच्या अंदाजाने महाराष्ट्रात वर्षाला सुमारे पावणेदोन लाख बालके मरत होती. सरकारी दप्तरात नोंद त्याहून फार कमी. ज्या मुलाच्या जन्माचीच नोंद नाही, त्याच्या मृत्यूची कशी असणार? हा अहवाल एकाच संस्थेने काढला असता तर मंत्रालयाने तो गुंडाळून ठेवला असता, असे आमचे मत आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतून एकच गोष्ट आली, म्हणून सरकारला समिती नेमावी लागली. २००५ साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन आले, त्याच वर्षी देशात राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले.

फरक पडला का? पडला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये महाराष्ट्रात जन्मणाऱ्या हजार बालकांपैकी ३८ वर्षाच्या आत दगावत होती. २०१९-२१ च्या पाहणीत तो आकडा २३ वर आला. पण त्याच पाहणीत पाच वर्षांखालील शंभर बालकांपैकी ३५ खुजी आढळली, आणि शंभर स्त्रियांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी. त्याआधीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या पाहणीत हेच प्रमाण ४८ होते. म्हणजे मूल मरता मरता वाचले, पण त्याच्या ताटात आणि त्याच्या आईच्या ताटात काय पडले, हा प्रश्न तसाच राहिला. हे ताट कोणत्या वस्तीत रिकामे असते, ते आमच्या वाचकांना आम्ही सांगण्याची गरज नाही.

आता जामखेडकडे येऊ. तेही आपल्याच जिल्ह्यातले, सुप्याच्या दुसऱ्या टोकाला. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. सुरुवातीला त्यांनी शिकलेल्या परिचारिकांना खेड्यांत पाठवायचे ठरवले होते. त्या टिकेनात. मग गावातल्याच बाया निवडल्या. त्यांतल्या कित्येक निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्यांना बाळंतपण, जुलाब, ताप, लसीकरण, कुष्ठरोगाची ओळख हे सगळे शिकवले. आठवड्याला जामखेडला यायचे, शिकायचे, गावात जाऊन करायचे, आणि काय चुकले ते पुढच्या आठवड्यात सगळ्यांसमोर सांगायचे.

कल्पना करा! जिच्या हातचे पाणी गाव घेत नव्हते, तिच्या हातून पाटलाच्या सुनेचे बाळंतपण होऊ लागले. सत्तरच्या दशकातल्या दुष्काळात विंधनविहिरी घ्यायची वेळ आली, तेव्हा आरोळ्यांनी त्या दलित वस्तीत पाडून घेण्याचा आग्रह धरला. पाणी हवे असेल तर वरच्या आळीला खाली यावे लागले. चवदार तळ्यावर १९२७ साली जे सांगितले गेले, ते इथे हातपंपाच्या दांड्याला धरून घडले. प्रकल्पाच्या गावांतला बालमृत्यूचा दर १९७१ च्या सुमारास हजारी १७६ होता. पंचविसेक वर्षांत तो तिशीच्या खाली आला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तो योग्यच होता. पण जगभरातून जामखेडला येणारे अभ्यासक ज्या बायांना भेटायला येत होते, त्या बायांची नावे आपल्या किती व्याख्यानांत घेतली जातात? आरोळे दांपत्य ख्रिस्ती होते, त्यांचा प्रकल्प आपल्या चळवळीचा नव्हता, म्हणून आपण त्याकडे पाहिले नाही काय? तसे असेल तर नुकसान आपलेच झाले.

आजची आशाताई ही जामखेडच्या त्या बाईचीच धाकटी बहीण. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली देशातल्या आशांचा गौरव केला. आणि २०२४ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या आशा मानधनासाठी आझाद मैदानात थंडीवाऱ्यात बसल्या होत्या. गौरव आणि मानधन या दोन खात्यांचा आपल्या देशात संबंध नसतो!

जामखेडमध्ये बाईच्या हातात औषधाची पिशवी आली. प्रश्न विचारण्याचा अधिकार हाती यायला २००७ साल उजाडले. ग्रामीण आरोग्य अभियानात लोकाधारित देखरेख नावाचा भाग होता. नऊ राज्यांत त्याचा पहिला टप्पा झाला, त्यात महाराष्ट्र होता. राज्याची जबाबदारी पुण्याच्या 'साथी' संस्थेकडे आली. जन आरोग्य अभियानाशी जोडलेल्या अनेक संघटना जिल्ह्याजिल्ह्यांत उतरल्या. अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांतील २२५ गावे निवडली. घोड नदीच्या पलीकडचा पुणे जिल्हा त्यात होता, अलीकडचा आपला नव्हता.

पद्धत अगदी साधी होती. गावकऱ्यांनी एकत्र बसून आपल्या आरोग्यसेवेला गुण द्यायचे. नर्सबाई येतात का, लस मिळते का, दवाखान्यात औषध मिळते की बाहेरची चिठ्ठी देतात, बाळंतिणीकडून पैसे मागतात का? चांगले असेल तर हिरवा रंग, मधले पिवळा, वाईट तांबडा. निरक्षर माणसालाही तक्ता वाचता येतो. मग जनसुनवाई. वैद्यकीय अधिकारी, तालुका अधिकारी समोर बसलेले, आणि गावची बाई उभी राहून सांगते, अमुक तारखेला मला परत पाठवले. लेखी उत्तर द्यावे लागते. कित्येक ठिकाणी बंद उपकेंद्रे उघडली, बाहेरच्या चिठ्ठ्या कमी झाल्या, उकळलेले पैसे परत करावे लागले. डॉक्टर मंडळींना सुरुवातीला हा अपमान वाटला. नंतर काही डॉक्टरच म्हणू लागले की रिकाम्या जागा आणि औषधांचा तुटवडा यांबद्दल आमच्याही वतीने तुम्हीच वर ओरडा. तेही खरे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून अधिक आरोग्यावर खर्च करावेत असे सांगितले, आणि श्रीमंत म्हणवणारे आपले राज्य त्याच्या निम्म्याच्या आसपास घुटमळत राहिले.

पारनेर तालुक्यात वेगळेच घडले. एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत तेव्हाचे आमदार नीलेश लंके यांनी भाळवणीला १,१०० खाटांचे केंद्र उभे केले. शेकडो माणसांना त्याचा आधार मिळाला, ते नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण मांडव उठला की खाटा उठतात. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून ११ रुग्ण मेले. एका पुढाऱ्याच्या मनात आले तर सेवा मिळते आणि जी कायमची सेवा आहे तिथे माणूस जळतो, ही आपल्या आरोग्याची अवस्था. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. राजस्थानने त्याच वर्षी आरोग्य हक्काचा कायदा केला. आपल्याकडे आदेश निघाला, कायदा झाला नाही. कायदा आणि आदेश यातला फरक बाबासाहेबांच्या लेकरांना समजावून सांगावा लागू नये.

जे आज हातात आहे, ते तरी आपण धरले आहे का? २००५ च्या अभियानाने प्रत्येक महसुली गावात आरोग्य, पोषण, पाणी आणि स्वच्छतेची समिती ठरवून दिली. तिच्यात निम्म्या बाया असाव्यात, अनुसूचित जाती-जमातींचे प्रतिनिधी असावेत, असे लिहिलेले आहे. तिला वर्षाला १०,००० रुपयांचा अबंधित निधी ठरवला गेला. गरीब बाळंतिणीची गाडी, वस्तीतली गटार, पाण्याचे शुद्धीकरण, कुपोषित मुलाचा आहार, यांवर गाव ठरवील तसा तो खर्च करता येतो. रक्कम तुटपुंजी आहे, मान्य. पण मावशींच्या सुनेच्या गाडीचे दोन हजार त्यात पाच वेळा बसतात.

बहुतेक गावांत ही समिती कागदावर असते. आपल्या माणसाचे नावही त्यात असते, सही घेण्यापुरते. त्याला विचारा, तो म्हणेल, "हो, एकदा सही नेली होती." ग्रामपंचायतीत आरक्षणातून निवडून आलेल्या आपल्या किती भगिनींनी या समितीचे बँक पुस्तक पाहिले आहे?

दुसऱ्या वेळी सुप्याला गेलो, तेव्हा आम्ही हेच मांडले. तरुण पोरांनी मोबाइलवर शासन निर्णय शोधायला घेतले. एकाने वस्तीतल्या गरोदर बायांची आणि दोन वर्षांखालील मुलांची यादी करायची जबाबदारी घेतली. दुसऱ्याने १०२ आणि १०८ हे आकडे समाजमंदिराच्या भिंतीवर रंगवायचे कबूल केले. कमानीच्या वर्गणीतून रंग आणायला कोणाची हरकत नव्हती. समितीच्या सभासदांची यादी, तीन वर्षांचा खर्च आणि बैठकांची इतिवृत्ते मागणारा अर्ज माहितीच्या अधिकारात द्यायचा, आणि पुढच्या ग्रामसभेत हा विषय पटलावर घ्यायला लावायचा, असे ठरले.

मावशी याही वेळी मागेच बसल्या होत्या. सगळे ठरल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "ग्रामसभेत बोलणार कोण?"

पोरांनी एकमेकांकडे पाहिले. मग त्यांतल्याच एकाने सतरंजी पुढे ओढली आणि मावशींना पुढे येऊन बसायला सांगितले.