षटकोनाच्या कोपऱ्यात कार्बन असतो

बारावीच्या ऑरगॅनिकचा धसका घेतलेली मुलं ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात घरोघरी सापडतील. हॅलोजन डेरिव्हेटिव्हपासून अमाइन्सपर्यंत चार धडे, आणि त्यांत सँडमायर, कॅनिझारो, रायमर-टीमन अशी नावंच नावं. क्लासच्या नोट्सची झेरॉक्स होते, हायलायटर फिरवून होतो, तरी पेपरात फिनॉलवर क्लोरोफॉर्म आणि कॉस्टिक सोडा दिसला की पेन थबकतं. मग कुणीतरी सांगतं, फ्लॅशकार्डं कर. डोंबिवली सुटल्यापासून कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा मागे पडून ठाणे येईपर्यंत एका हातात वरची कडी आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याखाली कार्डं. यासाठी ‘अंकी’ हे अॅप पुष्कळ वापरलं जातं. डेमियन एल्म्सनं ते 2006 मध्ये आणलं. अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर विकत. चुकलेलं कार्ड लवकर परत येतं, बरोबर आलेलं दिवसेंदिवस लांब जातं. एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं 1885 मध्ये विसरण्याचा वेग मोजून दाखवला होता, त्याच्यावर बेतलेलं हे गणित.

व्याख्या कार्डावर घालणं सोपं. स्ट्रक्चरचं काय करायचं? बहुतेक जण पुस्तकाच्या पानाचा फोटो काढून चिकटवतात, किंवा दुसऱ्यानं केलेला तयार संच उतरवून घेतात. दोन्ही आळशी मार्ग आहेत असं माझं मत. रेणू स्वतः संगणकावर काढायला बसलं की अर्धं ऑरगॅनिक तिथेच उलगडतं, कारण सॉफ्टवेअर रेघ नुसती रेघ म्हणून घेत नाही.

पूर्वी शोधनिबंधासाठी षटकोन प्लास्टिकच्या साच्यातून शाईनं काढत. 1985 मध्ये हार्वर्डमध्ये स्ट्यूअर्ट रूबेनस्टाइननं मॅकिंटॉशसाठी केमड्रॉ लिहिलं आणि साचे ड्रॉवरमध्ये गेले. केमड्रॉ महाग आहे, पण विद्यार्थ्याचं काम फुकटातल्या केमस्केचवर किंवा ब्राउझरमध्येच उघडणाऱ्या केचरवर भागतं.

फिनॉल काढून बघा. बेंझीनच्या बटणावर क्लिक, पडद्यावर क्लिक, रिंग तयार. आता ओएच हवा म्हणून नवखा माणूस ऑक्सिजन निवडून थेट रिंगच्या कोपऱ्यावर क्लिक करतो. ओ बसतो, पण कोपऱ्यातच, आणि भोवती लाल खूण येते. त्या कोपऱ्यात कार्बन होता. तो हटवून ऑक्सिजन बसवला गेला आणि दोन बंधांच्या ऑक्सिजनच्या गळ्यात तीन बंध पडले. आधी कोपऱ्यातून बाहेर एक बंध ओढायचा, मग त्याच्या टोकाला ओ लिहायचा. एच आपण लिहीतच नाही: ऑक्सिजनला दोन बंध लागतात, एक दिसतोय, म्हणजे उरला एक हायड्रोजन, हा हिशोब प्रोग्राम करतो. कोपऱ्यात न दिसणारा कार्बन आणि त्याचे न दिसणारे हायड्रोजन वर्गात दहादा सांगूनही ज्यांच्या डोक्यात शिरत नाहीत, त्यांना ही लाल खूण एका झटक्यात शिकवते.

पडद्यामागे फायलीत दोन याद्या असतात. अणूंची एक, बंधांची दुसरी. फिनॉलसाठी हायड्रोजन सोडून सात अणू आणि सात बंध. प्रत्येक बंधापुढे कोणता अणू कोणत्या अणूला जोडलाय आणि बंध एकेरी की दुहेरी, एवढंच. डेव्हिड वाइनिंगरनं 1980 च्या दशकात हीच माहिती एका ओळीत लिहिण्याची ‘स्माइल्स’ नावाची पद्धत काढली. इथेनॉल म्हणजे फक्त सी सी ओ ही तीन अक्षरं. ती ओळ केचरमध्ये चिकटवली की चित्र आपोआप उभं राहतं. सोय मोठी आहे, पण अभ्यासाच्या दिवसांत मी ती टाळायला सांगेन.

कारण काढताना अणू मोजावे लागतात. क्युमिनपासून फिनॉल हा पाठ्यपुस्तकातला लाडका प्रश्न, आणि तो आपल्या जिल्ह्यातला आहे: ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या हर्डिलिया केमिकल्समध्ये याच मार्गानं फिनॉल आणि अॅसिटोन होत असे. बेंझीनचे सहा आणि प्रोपीनचे तीन कार्बन मिळून क्युमिनचे नऊ. हवेतल्या ऑक्सिजननं हायड्रोपेरॉक्साइड होताना कार्बन आणि हायड्रोजनच्या मध्ये दोन ऑक्सिजन घुसतात. पुढे आम्ल पडलं की रिंग कार्बनला सोडून शेजारच्या ऑक्सिजनवर सरकते. हाताखाली काढताना दिसतं, की फिनॉलमधला ओ हवेतून आलाय आणि उरलेले तीन कार्बन अॅसिटोन होऊन बाहेर पडलेत. याचं एकच गच्च कार्ड करू नका. तीन पायऱ्या, तीन कार्डं.

आता थोडं कटकटीचं. चित्र पारदर्शक पार्श्वभूमीवर साठवलं आणि रात्री मोबाइल डार्क मोडवर टाकला, की काळ्या रेघा काळ्यात गडप. कार्ड कोरं दिसतं आणि मुलं अॅपला शिव्या घालतात. पार्श्वभूमी पांढरी ठेवा. चित्र एसव्हीजीमध्ये साठवलं तर बोटांनी मोठं केलं तरी फाटत नाही. रेघा जरा जाड हव्यात आणि अक्षरं मोठी, कारण गर्दीत मोबाइल नाकाला टेकलेला असतो.

बोर्डाच्या पेपरात मात्र स्ट्रक्चर पेनानंच काढायचं आहे, आणि ओळखता येणं म्हणजे काढता येणं नव्हे. म्हणून दोन डेक करावेत. गाडीतल्या डेकमध्ये चित्र पुढे, नाव मागे. घरच्या डेकमध्ये नाव पुढे, आणि रफ वहीत रेणू काढून झाल्याशिवाय कार्ड उलटायचं नाही.