गोव्याची सहल : समुद्र, जुनी चर्च आणि बाईचा निम्मा वाटा



सुगी संपली, हातात चार पैसे आले की गटाच्या बैठकीत सहलीचा विषय निघतो. अष्टविनायक झालेले असतात, पंढरपूर, तुळजापूर झालेलं असतं. मग कुणीतरी हळूच म्हणतं, "एकदा समुद्र बघायचाय." आणि समुद्र म्हटलं की नाव निघतं गोव्याचं. आज आपण त्याच गोव्याबद्दल बोलणार आहोत. जायचं कधी आणि कसं, पाण्यात उतरताना जपायचं काय, आणि तिथली जुनी चर्च, देवळं, घरं बघताना नेमकं बघायचं काय. शेवटी तिथल्या एका कायद्याबद्दलही बोलू. तो फोटोत दिसत नाही, पण आपल्या कामाचा आहे.

आधी पैशाचं. सहलीसाठी गटाच्या बचतीला हात लावायचा नाही. बचत ही कर्जवाटपासाठी असते, अडल्यानडल्या बाईसाठी असते. सहलीचा डबा वेगळा आणि त्याची वहीही वेगळी. वीस जणींनी महिन्याला शंभर रुपये टाकले तर वर्षाला चोवीस हजार होतात. प्रवास, मुक्काम, जेवण, गोव्यात फिरायची गाडी आणि दवाखान्यासाठी थोडी शिल्लक, असे पाच रकाने वहीत आधीच आखून घ्या. कोणत्या रकान्यात कमी पडतंय ते निघायच्या दोन महिने आधी कळलं पाहिजे.

जायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. पाऊस संपलेला असतो, हवा बरी असते. नाताळ आणि नवीन वर्षाचा आठवडा मात्र टाळा, गर्दी आणि भाव दोन्ही चढलेले असतात. रेल्वेनं जायचं तर कोकण रेल्वे आहे. जुन्या गोव्याला करमळी स्टेशन जवळ पडतं, उत्तरेच्या किनाऱ्यांना थिवी आणि दक्षिणेला मडगाव. कोल्हापूरकडून रस्त्यानं आलात तर आंबोली घाट उतरून जाता येतं. मुक्कामासाठी फोंड्याकडच्या मोठ्या देवळांच्या अग्रशाळा, म्हणजे आपल्याकडचे भक्तनिवास, आधी फोन करून विचारून ठेवा. बायकांच्या गटाला तिथं सोयीचं पडतं. भाषेची काळजी नको. कोकणी माणसाला आपली मराठी समजते.

समुद्र ओळखून पाण्यात उतरा

विहिरीत पोहलेल्या बाईलाही समुद्र वेगळा असतो. विहिरीचं पाणी जागचं हलत नाही, समुद्राचं पाणी ओढतं. लाट किनाऱ्यावर येते तेव्हा ती पाणी घेऊन येते. ते पाणी परत आत जायला वाट शोधतं आणि एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात मागे वाहतं. या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, पाणी जरा गडद आणि शांत दिसतं. आपल्याला वाटतं इथं लाटा नाहीत, इथंच उतरावं. धोका नेमका तिथंच असतो. हा ओढा चांगल्या पोहणाऱ्यालाही आत नेतो.

म्हणून चार गोष्टी पाठ करा. जिथं जीवरक्षक बसलेले असतात तिथंच उतरायचं. लाल-पिवळा झेंडा म्हणजे इथं जीवरक्षकांची नजर आहे, नुसता लाल झेंडा म्हणजे पाण्यात जायचं नाही. पोहता येत नसेल तर गुडघ्याच्या वर पाणी येऊ द्यायचं नाही, आणि दोघी-दोघींनी हात धरून उभं राहायचं. सूर्य मावळल्यावर पाण्यात पाय घालायचा नाही, कारण तेव्हा जीवरक्षक घरी गेलेले असतात. ओढ्यात सापडलंच तर किनाऱ्याकडे तोंड करून ओढ्याशी झुंजायचं नाही, त्यात दम संपतो. अंग सैल सोडून तरंगायचं, हात वर करून ओरडायचं, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर आडवं सरकायचं. ओढा अरुंद असतो, थोडं बाजूला गेलं की त्याचा जोर ओसरतो.

नऊवारी असो की सहावारी, भिजलेली साडी जड होते आणि पायात अडकते. पाण्यात जायचं असेल तर पंजाबी ड्रेस बरा. यात लाजायचं काही नाही. जून ते सप्टेंबर मात्र समुद्र खवळलेला असतो, तेव्हा तो वाळूवरूनच बघायचा.

जुने गोवे : दगड आपला, कारागीर आपले

आता जुन्या गोव्याला जाऊ. विजापूरच्या आदिलशहाकडून हे शहर पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कनं १५१० साली जिंकलं. तेव्हापासून १९ डिसेंबर १९६१ पर्यंत, म्हणजे साडेचारशे वर्षं, गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं. इंग्रज येण्याआधी ते आले आणि इंग्रज गेल्यावर चौदा वर्षांनी गेले.

जुने गोवे ही त्यांची राजधानी. मसाल्याच्या व्यापारावर हे शहर गबर झालं. पुढं पटकी आणि हिवतापाच्या साथींनी ते ओस पडत गेलं आणि १८४३ साली राजधानी पणजीला गेली. शहर मोडलं, चर्च उरली. १९८६ पासून ती जागतिक वारसा यादीत आहेत.

बॉम जेझुस बासिलिका पाहाल तेव्हा तिच्या भिंतीजवळ जाऊन दगड निरखा. तो जांभा आहे, कोकणातल्या घरांचा आणि गडग्यांचा तोच तांबडा दगड. १५९४ मध्ये काम सुरू झालं आणि १६०५ मध्ये ते पूर्ण झालं. आत सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं शव चांदीच्या पेटीत ठेवलं आहे. ती पेटी घडवली गोव्याच्याच सोनारांनी, सतराव्या शतकात. समोर से कॅथेड्रल आहे. त्याला एकच मनोरा दिसतो, कारण दुसरा १७७६ साली पडला. थोडं चढून गेलं की सेंट ऑगस्टीनचा उभा तुटका मनोरा लागतो, बाकी सगळं चर्च पडून गेलेलं. चर्चमध्ये जाताना खांदे झाकलेले असावेत, बोलणं हळू असावं. लोकांचं प्रार्थनास्थळ आहे ते, आपण देवळात जसं वागतो तसंच वागायचं.

दिमाख बघून डोळे दिपतात. पण या दिमाखाची दुसरी बाजूही समजून घ्यायला हवी. सोळाव्या शतकात इथली देवळं पाडली गेली. १५६० साली इन्क्विझिशन नावाचं धर्मन्यायालय बसलं. घरात तुळस लावली, जुने सण केले म्हणून माणसांची चौकशी व्हायची. ते कायमचं बंद झालं १८१२ मध्ये. त्या काळात लोकांनी रातोरात देव उचलले आणि नदीपलीकडे, पोर्तुगीजांचं राज्य नव्हतं तिथं, नेले. कुठ्ठाळीचा मंगेश मंगेशीला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आली. म्हणून गोव्याची मोठी देवळं आज फोंड्याकडे एकमेकांजवळ दिसतात. नार्व्याचं सप्तकोटेश्वराचं देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ साली नव्यानं बांधवलं. तेव्हा सकाळी जुने गोवे पाहा आणि दुपारी फोंड्याची देवळं पाहा. दोन्ही मिळून एकच गोष्ट आहे, अर्धी पाहिली तर अर्धीच कळते.

ठेच्यातली मिरची आणि दाराची चावी

पोर्तुगीज आपल्या गावात कधी आले नाहीत, पण त्यांची जहाजं जे घेऊन आली ते आपल्या घरात आहे. मिरची त्यांच्यामार्फत अमेरिका खंडातून आली. त्याआधी आपल्याकडे तिखटाला मिरी होती, म्हणून तर हिचं नाव मिरची पडलं. काजू, अननस, बटाटा, पेरू, पपई, तंबाखू, सगळे त्याच वाटेनं आले. भाकरी आपली, ठेच्यातली मिरची मात्र समुद्रापलीकडची.

शब्दही आले. पाव, चावी, बादली, घमेलं, परात, फीत, मिस्त्री, पगार, लिलाव, तुरुंग, नाताळ, हे सगळे शब्द पोर्तुगीजांकडून आपल्या भाषेत रुळले. पणजीत फोंतेन्यास भागातल्या जुन्या रंगीत घरांच्या गल्लीतून फिरताना हे आठवा. आणि जमलं तर शुक्रवारी म्हापशाचा बाजार करा. तिथं बायका खोल्याची मिरची, आमसुलं, दोदोल, बेबिंका विकायला बसतात. खोल्याच्या मिरचीला आणि बेबिंकाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, म्हणजे नाव त्या मातीचं म्हणून कायद्यानं राखलेलं आहे. आपल्या गटाच्या चटणीवर गावाचं नाव ठळक का छापावं, ते तिथं कळतं.

आग्वादचा किल्लाही पाहा. तो १६१२ चा. 'आग्वा' म्हणजे पाणी. लांबच्या प्रवासाला निघालेली जहाजं इथं गोडं पाणी भरून घ्यायची. पुढं याच ठिकाणच्या तुरुंगात गोवा मुक्तीच्या सैनिकांना डांबलं होतं. १९५५ साली महाराष्ट्रातूनही गावोगावचे सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले, त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या.

आणि ही आठवण आपल्या रेडिओच्या श्रोत्यांसाठी. त्याच वर्षी लिबिया लोबो नावाच्या तरुण बाईनं वामन सरदेसाई यांच्यासोबत घाटातल्या रानातून गुप्त रेडिओ सुरू केला. १९६१ पर्यंत त्यांनी तो चालवला. पोर्तुगीज सरकार जे दडवायचं ते हा रेडिओ सांगायचा. गोवा मुक्त झाला त्या दिवशी लिबियाबाईंनी विमानातून कर्ण्यावर ती बातमी लोकांना सांगितली. २०२५ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

बाईचा निम्मा वाटा

आता तो कायदा. १८६७ साली पोर्तुगालमध्ये एक नागरी कायदा झाला आणि १८७० पासून तो गोव्यात लागू झाला. गोवा भारतात आल्यावर जुने कायदे चालू ठेवले गेले, म्हणून तो टिकला. वारसाहक्काचा भाग आता राज्याच्या स्वतःच्या कायद्यात आला आहे, मुख्य तत्त्वं तीच राहिली आहेत.

त्यात काय आहे? लग्नाची नोंदणी केल्याशिवाय चालत नाही. लग्नाआधी दोघांनी वेगळा करार केला नसेल, तर लग्नानंतर मालमत्ता दोघांची सामाईक होते आणि तिच्यात बायकोचा निम्मा वाटा असतो. नवऱ्याला जमीन किंवा घर विकायचं तर बायकोची सही लागते. आणि आईबापांना मालमत्तेचा निम्मा भाग मुलांसाठी राखावाच लागतो, त्यात मुलगा-मुलगी समान.

हे ऐकून गोव्यात सगळं सोन्याचं आहे असं समजू नका. याच जुन्या कायद्यांत बायकोला मूल नसेल, मुलगा नसेल तर काही अटींवर हिंदू पुरुषाला दुसरं लग्न करायची मुभा लिहिलेली होती. मालमत्तेचा कारभार नवऱ्याच्याच हाती ठेवला होता. आणि भावाची मर्जी राखायला हक्क सोडून देणाऱ्या बहिणी तिथंही आहेत. कागदावरचा हक्क बाईनं मागितला तरच हातात येतो.

आपल्याकडे काय आहे? वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्रानं १९९४ साली दिला, देशभर तो २००५ साली आला. पण नवऱ्याच्या जमिनीत त्याच्या हयातीत बायकोला आपोआप निम्मा वाटा मिळत नाही. आपण राबतो त्या शेताच्या सात-बारावर आपलं नाव नसतं. त्यासाठी लक्ष्मी मुक्ती योजना आहे. नवऱ्यानं तलाठ्याकडे अर्ज केला की त्याच्या नावच्या जमिनीवर बायकोचं नाव सहधारक म्हणून लागतं. ग्रामपंचायतीच्या घराच्या उताऱ्यावरही दोघांचं नाव लावता येतं. एक लक्षात ठेवा, अर्ज नवऱ्यानं करायचा आहे, तेव्हा बोलणं घरातून सुरू करावं लागेल.

म्हणून आमची सगळ्या गटांना एक विनंती आहे. गोव्याहून आल्यावर पहिल्या बैठकीत फोटो जरूर पाहा, काजू वाटून खा. त्याच बैठकीत प्रत्येकीनं आपल्या घराचा आणि शेताचा उतारा आणायचा. ज्याच्यावर बाईचं नाव नाही, तो बाजूला काढायचा. बाजूचा गठ्ठा मोठा होईल, घाबरू नका. महिन्याला दोन अर्ज गेले तरी वर्षाला चोवीस होतात, आपल्या सहलीच्या डब्यासारखंच आहे ते.

सहलीला जाणाऱ्या सगळ्या मैत्रिणींना शुभेच्छा. लाल झेंडा दिसला तर मागे फिरा, आणि उताऱ्यावर नाव लागेपर्यंत तलाठ्याच्या दारातून मागे फिरू नका.