तारामतीची खरी कसोटी

१९३१ साली ‘फरेबी जाल’ नावाचा एक चित्रपट आला. त्यातल्या लहानशा भूमिकेत एक शिकलेली, घरंदाज मराठी स्त्री दिसली मात्र, आणि चहूकडे कुजबुज सुरू झाली. चित्रपट पडला, टीका मात्र त्या बाईंच्या पदरी पडली.

त्या होत्या दुर्गाबाई खोटे. जन्म १४ जानेवारी १९०५ चा. माहेर मुंबईच्या सुखवस्तू लाड घराण्यातले, शिक्षण झेवियर कॉलेजात. पण सासरची आर्थिक घडी विसकटली. पदरात दोन मुलगे. शिकवण्या करूनही भागेना. ऐन तारुण्यात वैधव्यही वाट्यास आले. हौसेसाठी नव्हे, घर चालावे म्हणून त्यांनी तोंडाला रंग लावला.

पहिल्याच पावलाला ठेच लागल्यावर दुसरी एखादी माघारी फिरली असती. परंतु शांतारामबापूंनी त्यांना ‘प्रभात’च्या ‘अयोध्येचा राजा’त तारामतीची भूमिका दिली. १९३२ सालचा हा बोलपट मराठीत व हिंदीत निघाला. पार्श्वगायन नव्हते, आपली गाणी आपणच म्हणायची! ज्यांनी नाके मुरडली, तेच लोक तारामतीसाठी डोळे पुसू लागले.

मला त्यांच्या अभिनयाइतकेच त्यांच्या व्यवहाराचे कौतुक वाटते. नटनट्या एकाच कंपनीच्या पगारावर बांधलेल्या असत, त्या काळी दुर्गाबाईंनी निरनिराळ्या कंपन्यांत कामे केली. १९३६ च्या ‘अमरज्योती’त त्या अन्यायाविरुद्ध उठणारी सौदामिनी झाल्या, १९३७ साली ‘साथी’ हा चित्रपट त्यांनी स्वतःच काढला. वय वाढले तशा भूमिका बदलल्या: १९६० च्या ‘मुगल-ए-आझम’मध्ये जोधाबाई, १९७४ च्या ‘बिदाई’त आई. १९६८ साली पद्मश्री, पुढे १९८३ चे फाळके पारितोषिक मिळाले. वयाच्या ऐंशीनंतरही त्यांच्याच संस्थेने दूरदर्शनसाठी ‘वागले की दुनिया’ निर्माण केली (१९८८). २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्या गेल्या.

हे सारे आज सांगण्यास कारण आहे. आमच्या भंडारा जिल्ह्यात भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर झाडीपट्टीची नाटके रंगतात. पूर्वी दंडारीत पुरुषच लुगडे नेसून स्त्रीपार्ट करीत. आता रंगमंचावर स्त्रिया येतात. साकोलीकडच्या माझ्या भाचीला यंदा अशाच एका नाटकात बोलावणे आले. ताई म्हणते, “रातभर नाटक करणारी पोरगी उद्या कोणाच्या घरात खपेल?” भाची मला विचारते, “मामाजी, मी इमानानं काम केलं, तं नाक कोणाचं कापलं जी?”

ताईची काळजी खोटी नाही. रात्रीचा प्रवास, परगावचा मुक्काम, लोकांची तोंडे, हे सगळे खरेच आहे. म्हणून मी दोघींना समोरासमोर बसवले. पदवीची परीक्षा सोडायची नाही, मानधन आधी ठरवून कागदावर घ्यायचे, आणि पहिल्या प्रयोगांना ताईने बरोबर जायचे, एवढे ठरले. ताई अजून हसलेली नाही; पण काल तिने प्रवासाची वळकटी काढून उन्हात टाकली. एक नव्हे, दोघींची.