चाकातील हवेचा पिवळा दिवा : इशारा कोणता आणि बिघाड कोणता?



द्राक्ष-टोमॅटोचे चार पैसे हाती आले की आपल्या नाशिक भागात आता बऱ्याच घरी चारचाकी येते. नव्या गाड्यांपैकी पुष्कळ गाड्यांत मीटरजवळ एक पिवळा दिवा असतो. घोड्याच्या नालेसारखी आकृती आणि मध्ये उद्गारचिन्ह. चाकातील हवा कमी झाली की हा दिवा लागतो. पण "सेन्सर बिघडला असेल" असे म्हणून कित्येक जण तो तसाच लागलेला ठेवतात. कोणी तर त्यावर चिकटपट्टी लावतात. असे मुळीच करू नये.

समृद्धी महामार्ग 5 जून 2025 पासून पूर्ण खुला झाला. तो आपल्या सिन्नर, इगतपुरी तालुक्यांतून जातो. अशा सरळ रस्त्यावर गाडी तासन् तास वेगात पळते. टायरमध्ये हवा कमी असेल तर त्याची बगल प्रत्येक फेऱ्याला दबते, टायर आतून तापतो आणि फुटू शकतो. गाडीत आपलीच माणसं बसलेली असतात, हे विसरू नये.

दुसरी गोष्ट. 2020 च्या नियमदुरुस्तीनुसार ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी ही यंत्रणा आणि पंक्चर काढण्याचे सामान असेल, तर लहान मोटारीला स्टेपनी नसली तरी चालते. आपल्या गाडीत स्टेपनी नसेल तर हा दिवा नीट चालणे अधिकच गरजेचे.

यंत्रणा कशी चालते?

हिचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या बुडाशी एक छोटा सेन्सर असतो. तो हवा मोजून बिनतारी संदेश गाडीला पाठवतो. त्यात बारीक बॅटरी असते. ती साधारण 5 ते 10 वर्षे टिकते. दुसऱ्या प्रकारात चाकात काहीच नसते. हवा कमी झाली की चाकाचा घेर किंचित घटतो आणि ते चाक जास्त फेरे घेते. ब्रेकच्या यंत्रणेतील सेन्सर हा फरक ओळखतात. आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे, ते गाडीच्या माहितीपुस्तकात पाहावे.

दिवा कसा लागला, ते आधी पाहा

पान पिवळे पडले की आपण लगेच फवारणी करत नाही. पाणी जास्त झालं, अन्न कमी पडलं की रोग आला, ते आधी बघतो. इथेही तसेच करावे.

1. दिवा स्थिर लागून राहिला, तर हवा कमी आहे असे समजावे.
2. गाडी सुरू करताच दिवा एक ते दीड मिनिट उघडझाप करून मग स्थिर झाला, तर बहुतेक गाड्यांत तो यंत्रणेच्या बिघाडाचा इशारा असतो.

दिवा स्थिर असेल तर

हवा सकाळी, गाडी किमान तीन तास उभी असताना मोजावी. चांगले मीटर घरीच ठेवावे. किती हवा भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेले असते. टायरच्या बगलेवरचा आकडा ही कमाल मर्यादा आहे. तो पाहून हवा भरू नये. चालून तापलेल्या टायरमधील हवा वाढलेली दिसते, म्हणून ती सोडून देऊ नये.

हवा भरून दहा-पंधरा मिनिटे गाडी चालवली की पुष्कळ गाड्यांत दिवा आपोआप विझतो. दुसऱ्या प्रकारच्या गाडीत मात्र यंत्रणेला नव्याने नोंद द्यावी लागते. त्याचे बटण किंवा रीत माहितीपुस्तकात दिलेली असते. चारही चाकांत बरोबर हवा भरल्यावरच ही नोंद द्यावी. नाहीतर कमी हवाच बरोबर आहे असे गाडी धरून चालते.

दोन-चार दिवसांत दिवा पुन्हा लागला तर कुठेतरी हवा गळते आहे. व्हॉल्व्हवर, रिमच्या कडेला आणि टायरच्या नक्षीवर साबणाचे पाणी लावा. गळती असेल तिथे बुडबुडे येतील. बाभळीचा काटा किंवा द्राक्षमांडवाच्या तारेचा तुकडा रुतलेला आहे का, हेही पाहा.

थंडीत निफाडकडे पारा फार उतरतो. साधारण साडेपाच अंश तापमान उतरले की एक पौंड हवा कमी भरते. उन्हाळ्यात भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे चार-पाच पौंडांनी कमी दिसते आणि दिवा लागतो. हा इशारा खराच आहे. हवा भरून घ्यावी.

दिवा उघडझाप करत असेल तर

सेन्सरची बॅटरी संपली, टायर काढताना सेन्सर तुटला किंवा बिनसेन्सरची स्टेपनी लावली, अशी कारणे असतात. वर्कशॉपमध्ये एका हातयंत्राने प्रत्येक सेन्सर तपासता येतो. चारही बदलण्याची घाई करू नका. बिघडलेला तेवढा बदला. त्याची बॅटरी सहसा सुटी मिळत नाही, पूर्ण सेन्सरच बदलावा लागतो. नंतर गाडीला नव्या सेन्सरची ओळख करून द्यावी लागते, तीही करून घ्या. तोवर दर आठवड्याला मीटरने हवा तपासत राहा, कारण या काळात दिव्याचा भरवसा नाही.

लक्षात ठेवा

• टायर काढण्याआधी पंक्चरवाल्याला "आत सेन्सर आहे, व्हॉल्व्हजवळ पहार घालू नका" असे सांगा.
• व्हॉल्व्हला प्लॅस्टिकचे टोपण लावा. धातूचे टोपण गंजून घट्ट बसते आणि काढताना व्हॉल्व्ह मोडतो.
• पंक्चरचे औषध टायरमध्ये टाकले असेल तर नंतर सेन्सर साफ करून घ्या.
• दिवा विझलेला असला तरी महिन्यातून एकदा मीटर लावा. टायरची चीर, झीज आणि वय दिव्याला कळत नाही.