उमेदीच्या वयातील गाणी

आपल्या तरुणपणी जी गाणी कानांवर पडली, तशी गाणी पुन्हा झाली नाहीत, असे प्रत्येक पिढीला वाटत आले आहे. हे वाटणे इतके सार्वत्रिक आहे की, त्याचे श्रेय गाण्यांना द्यावे की ऐकणाऱ्याच्या वयाला, असा प्रश्न पडतो. या प्रश्नाचा थोडा विचार आज आपण करू. त्यासाठी मी आपणांस छत्तीसगडातील भिलाई नगरात घेऊन जाणार आहे.

माझे एक मामा १९५९ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, नागपूरहून भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीस गेले आणि तेथलेच झाले. आज ते नव्वदीकडे झुकले आहेत. मागे एकदा मी त्यांच्याकडे गेलो असता त्यांची नात आपल्या आवडीचे एक नवे गाणे ऐकत बसली होती. मामा म्हणाले, "हे कसले गाणे? ना शब्द कळत, ना चाल. गाणी होती ती आमच्या वेळची!" नातीने विचारले, "आजोबा, तुमची गाणी तुमच्या वडिलांना आवडत होती का?" मामा हसले, पण उत्तर त्यांनी दिले नाही. ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न म्हणजेच आजचे हे भाषण.

प्रथम भिलाईविषयी. १९५५ च्या फेब्रुवारीत भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि दुर्ग जिल्ह्याच्या सपाट माळावर कारखाना उभा राहू लागला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबरच वसाहत वाढली. तिच्या भागांना नावे नव्हती, क्रमांक होते: सेक्टर एक, सेक्टर दोन, याप्रमाणे. आपल्या जुन्या गावांत आजोबा असतात, पार असतो, पारावर सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी असतात. या नव्या नगरात यांपैकी काहीच नव्हते. आलेले बहुतेक सारे वीस ते तीस वयाचे. कोणी बंगाली, कोणी तेलुगू, कोणी मल्याळी, कोणी पंजाबी, कोणी मराठी. मराठी मंडळींनी गणपती बसवले, नाटके केली, आपली मंडळे काढली. पण ही झाली आपापसांतली गोष्ट. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याशी सामाईक असे एकच धन होते, आणि ते म्हणजे रेडिओवरून येणारे हिंदी चित्रपटगीत.

ते गीत मात्र आपल्या आकाशवाणीवरून येत नव्हते, ही गोष्ट येथे प्रांजळपणे सांगितली पाहिजे. १९५२ साली नभोवाणी खात्याचे मंत्रिपद बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी गृहस्थांकडे आले आणि पुढे दहा वर्षे ते त्या पदावर राहिले. केसकर शास्त्रोक्त संगीताचे जाणकार होते. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळात सुरू झाला आणि मोठमोठ्या गवयांची गायकी घरोघर पोहोचली, याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु चित्रपटगीते सवंग आहेत, परकीय वाद्यमेळाने ती बिघडली आहेत आणि त्यांच्यामुळे तरुणांची अभिरुची खालावते, असे त्यांचे मत होते. त्यांनी या गीतांवर मर्यादा घातल्या, निर्मात्यांशी मतभेद झाले आणि काही काळ आकाशवाणीवरून चित्रपटगीत जवळजवळ नाहीसे झाले.

श्रोता मात्र स्वस्थ बसला नाही. त्याने रेडिओची सुई कोलंबोकडे फिरवली. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी कोलंबोस उभारलेले प्रबळ प्रक्षेपण केंद्र युद्धानंतर सिलोन सरकारकडे आले होते. तेथून लघुलहरींवर हिंदी गाणी लागत. या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युत्भारित थरावरून परतून दूरवर उतरतात. म्हणूनच कोलंबोचा आवाज समुद्र आणि सारे दक्षिण भारत ओलांडून दुर्गच्या माळावर ऐकू येई. तो थर स्थिर नसल्यामुळे आवाज कधी भरून येई, कधी विरून जाई. ३ डिसेंबर १९५२ रोजी 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. तिचे ध्वनिमुद्रण मुंबईस होई, मुद्रित फिती विमानाने कोलंबोस जात आणि तेथून अमीन सायानी यांचा आवाज पुन्हा हिंदुस्थानात येई. श्रोत्यांच्या पत्रांचा तर पाऊस पडे. फर्माइशी पाठवण्यात तेव्हाच्या बिहारातील झुमरी तलैया प्रसिद्धीस आले, तसेच छत्तीसगडातील भाटापाराही. पुढे आकाशवाणीनेही लोकांची आवड ओळखली आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू झाली. तरी बुधवारची रात्र दीर्घकाळ कोलंबोचीच राहिली.

मामा सांगतात, त्यांच्या आळीत रेडिओ एकच होता. बुधवारी रात्री आठ वाजता त्याच्याभोवती पंधरा-वीस जण जमत. दुपारची पाळी असेल त्या आठवड्यात मामांचा कार्यक्रम चुके. मग शेजारच्या खोलीतला तेलुगू मित्र कोणते गाणे कितव्या पायदानावर आले हे वहीत उतरून ठेवी. त्याला मराठी येत नव्हते, मामांना तेलुगू येत नव्हते, आणि दोघांचेही हिंदी बेताचे. मैत्री झाली ती या वहीवर. आज ती गाणी पाहिजे तेव्हा स्वच्छ आवाजात ऐकता येतात. पण मामा म्हणतात, "त्यात ती खरखर नाही." खरखर हा वास्तविक दोष, पण ज्या रात्री तो आवाज आला, त्या रात्रीची खूण त्या खरखरीतच राहिली आहे.

गाणे मनात असे का रुजते, याचा शास्त्रीय अभ्यास झालेला आहे. वयस्क माणसांना आपल्या आयुष्यातील आठवणी सांगावयास लावल्या, तर दहा ते तीस या वयातील आठवणी प्रमाणाबाहेर अधिक निघतात. आयुष्याच्या सपाटीवर येथे स्मृतीचा जणू एक उंचवटा असतो. कारण उघड आहे. पहिली नोकरी, पहिला पगार, पहिले घर, पहिले प्रेम, सारे याच काळात घडते. आपण कोण आहोत हे माणूस याच वयात ठरवत असतो. १९८९ साली मॉरिस हॉलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर या अमेरिकन संशोधकांनी निरनिराळ्या वयांच्या लोकांना निरनिराळ्या वर्षांची लोकप्रिय गीते ऐकवली. तेव्हा असे आढळले की, ज्या गीतांच्या काळी ऐकणारा सुमारे चोवीस वर्षांचा होता, ती गीते त्याला सर्वांत प्रिय असतात. भिलाईत तर एक संबंध नगरच एकाच वेळी चोवीस वर्षांचे होते!

या भावनेला मराठीत आपण 'स्मरणरंजन' म्हणतो. शब्द गोड आहे, परंतु त्यात रंजन आले, वेदना आली नाही. युरोपीय भाषांतील 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ साली बाझल येथील आपल्या प्रबंधात बनवला. घरी परतणे आणि दुःख या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांची ती जोड आहे. परमुलखात गेलेल्या स्विस लोकांना घराच्या ध्यासाने जडणारा तो एक रोगच समजला जाई. पुढे रूसोने आपल्या संगीतकोशात लिहिले की, स्विस सैनिकांच्या पलटणींत गुराख्यांचे एक गीत वाजवण्यास सक्त मनाई होती. कारण ते ऐकताच सैनिक रडत, पळून जात किंवा झुरून मरत. रूसोने पुढे जे म्हटले ते अधिक मार्मिक आहे. परक्या माणसावर त्या गीताचा काहीच परिणाम होत नसे. तेव्हा तेथे संगीत हे संगीत म्हणून नव्हे, तर स्मृतीची खूण म्हणून काम करते.

हे ध्यानी घेतले म्हणजे मामांच्या बोलण्यातील गफलत उमगते. "आमची गाणी चांगली होती" असे ते म्हणतात, तेव्हा ते गाण्यांची पारख करीत नसतात. त्या गाण्यांबरोबर येणाऱ्या आपल्या तरुणपणाविषयी बोलत असतात. शिवाय काळ हा मोठा चाळणारा आहे. गीतमालेत आठवड्यामागून आठवडे किती गाणी येऊन गेली! त्यांतली सामान्य गाणी गळून गेली, निवडक तेवढी उरली. आणि त्या निवडक गाण्यांची तुलना आपण आजच्या न चाळलेल्या सगळ्या गाण्यांशी करतो. हा न्याय नव्हे. ज्या गाण्यांना आज आपण सुवर्णयुगातील म्हणतो, त्यांनाच त्या वेळचे जाणते लोक सवंग म्हणत होते. खुद्द रेडिओ सिलोनवर तेव्हाही सकाळी जुन्या चित्रपटांच्या गीतांचा कार्यक्रम असे आणि त्याची सांगता कुंदनलाल सैगल यांच्या गीताने होई. म्हणजे मामांची 'जुनी' गाणी नवी होती, तेव्हाही कोणी तरी सैगलांसाठी हुरहुरत होतेच. नातीच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे.

आणखी एक गोष्ट आपण विसरू नये. भिलाईचा माळ ओसाड नव्हता. ज्यांची शेते आणि गावे कारखान्याखाली गेली, त्यांच्या ओठी ददरिया आणि करमा ही गीते आधीपासून होती. १९६३ साली आकाशवाणीचे रायपूर केंद्र सुरू झाले आणि छत्तीसगढी बोलीला रेडिओवर स्थान मिळाले. १९७१ साली दुर्गजवळच्या बघेरा गावचे दाऊ रामचंद्र देशमुख यांनी 'चंदैनी गोंदा' हा लोककलेचा प्रयोग रंगभूमीवर आणला. खुमानलाल साव यांच्या चाली आणि लक्ष्मण मस्तुरिया यांची गीते यांनी तेथील एका पिढीचे तारुण्य भारून टाकले. त्या पिढीला तीच गाणी आपल्या उमेदीच्या वयाची खूण वाटतात. एकाच माळावर, एकाच काळात, हुरहुरीच्या अशा दोन दुनिया नांदल्या. एकीने दुसरीला फारसे ऐकले नाही, याची खंत मामाही आज बोलून दाखवतात.

मग स्मरणरंजन व्यर्थ का? तसे मला वाटत नाही. सर्वांनी बरोबर येऊन वसवलेल्या नगरावर एक संकट येते. तेथली पिढी बरोबरच म्हातारी होते आणि बरोबरच निघून जाते. तो तेलुगू मित्र आता हयात नाही. बुधवारच्या त्या बैठकीतले मामांखेरीज दोघे-तिघेच उरले आहेत. गाणी कोठेही जात नाहीत. त्यांचे ध्वनिमुद्रण सुरक्षित आहे. जाते ती त्यांच्याभोवतीची गोष्ट. ती सांगणारा गेला की, रूसोच्या परक्या माणसाप्रमाणे आपणही केवळ चाल ऐकत राहतो.

तथापि येथे एक आशेची गोष्ट आहे. कॉर्नेल विद्यापीठातील कॅरल क्रमहान्सल यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, विशीतल्या मुलांना आपल्या काळच्या गाण्यांइतकाच नव्हे, तरी आईवडिलांच्या तारुण्यातील गाण्यांविषयीही विशेष जिव्हाळा असतो. घरात जे प्रेमाने ऐकले जाते, ते मुलांच्या स्मृतीतही उतरते. म्हणजे ही हुरहूर वारशाने देता येते. मात्र ती द्यायची कशी, हे वडीलधाऱ्यांच्या हाती आहे. "तुमची गाणी टाकाऊ" असे म्हणून दिली, तर ती कोणी घेणार नाही.

त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर मामांनी नातीला वहीची गोष्ट सांगितली. ती तिने कधी ऐकली नव्हती. मग ते म्हणाले, "आता तुझे ते गाणे लाव. आणि ते तुला का आवडते तेही सांग." गाणे मामांना आवडले असे मी म्हणणार नाही, पण ते त्यांनी शेवटपर्यंत ऐकले.