मुळांचे अदृश्य भागीदार



शारजात अंगण असलेलं घर मिळालं, तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात आम्ही कागदी लिंबाचं रोप लावलं. पाणी बोअरचं, थोडं मचूळच. शिवाय दर पंधरा दिवसांनी मूठभर रासायनिक खत. उन्हाळ्यापर्यंत पानांच्या कडा करपल्या, पानं गळाली आणि रोप गेलं. आम्ही दोघंही इंजिनिअर, त्यामुळे 'बग' कुठे होता ते शोधल्याशिवाय चैन पडेना! त्या शोधात जे कळलं, ते इथल्या बागप्रेमींनाही उपयोगी पडेल असं वाटतं.

मीठ नेमकं काय करतं?

लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावलं की त्यांना पाणी सुटतं. खारट मातीत मुळांची अशीच पंचाईत होते. माती ओली दिसते, पण त्यातलं पाणी मुळांना ओढून घेता येत नाही. मचूळ पाणी घालत राहिलं की उन्हाने पाणी उडून जातं आणि मीठ मागे साचतं. दुसरा त्रास सोडियमचा. पोटॅशियमऐवजी तोच आत घुसतो, पानांत साठतो आणि कडा करपतात. त्यातून इथली माती चुनखडीयुक्त, त्यामुळे स्फुरदही कॅल्शियमशी जखडून बसतं.

झाडाचं आउटसोर्सिंग

यावर निसर्गाने फार पूर्वीच तोड काढली आहे. मुळांच्या आत राहणारी एक बुरशी असते. मुळं आणि बुरशीच्या अशा जोडीला १८८५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट फ्रांक यांनी 'मायकोरायझा' हे नाव दिलं. जमिनीवरच्या बहुतेक वनस्पतींची अशी भागीदारी असते आणि तिचे जीवाश्म सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचे आहेत!

व्यवहार सरळ आहे. बुरशीचे तंतू केसापेक्षा कितीतरी बारीक असतात. मूळ जिथे शिरू शकत नाही, अशा मातीच्या फटींतून ते पाणी आणि स्फुरद आणून देतात. मोबदल्यात झाड आपण तयार केलेल्या अन्नाचा काही हिस्सा, कधी २० टक्क्यांपर्यंत, बुरशीला देतं.

खारट मातीत हीच भागीदारी कामी येते. अशा झाडांच्या पानांत पोटॅशियमच्या मानाने सोडियम कमी राहतो, असं अनेक प्रयोगांत दिसलं आहे. पेशी साखरेसारखे पदार्थ जास्त साठवतात, त्यामुळे खारट मातीतूनही पाणी ओढता येतं. लिंबूवर्गीय झाडं तर मिठाला नाजूक आणि या बुरशीवर विशेष अवलंबून!

शमीची गोष्ट

इथे रस्त्याकडेला दिसणारा 'घाफ' म्हणजे आपल्या दसऱ्याची शमीच. अमिरातीने २०१९ हे सहिष्णुता वर्ष पाळलं, तेव्हा बोधचिन्हावर घाफच होता. वाळवंटात तो तगतो त्यात खोल मुळांचा वाटा मोठा आहे, पण त्याच्या मुळांतही ही बुरशी असते. शेजारच्या ओमानमधल्या खजुराच्या बागा आणि भोवतालचं वाळवंट यांतल्या बुरशीचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तोवर नोंद नसलेले प्रकारही सापडले. वाळवंट ओसाड दिसतं, जमिनीखाली मात्र वस्ती आहे.

आमचं काय चुकलं?

भरपूर स्फुरद आयतं मिळालं की झाड बुरशीला थारा देईनासं होतं. शिवाय रासायनिक खत हेही क्षारच! म्हणजे आम्ही मिठात मीठ घालत होतो आणि मदतनीसालाही घालवत होतो.

दुसऱ्या रोपाच्या वेळी आम्ही हे केलं:

१. लावताना मायकोरायझाची पूड थेट मुळांना लावली. वरून टाकून फारसा उपयोग नसतो.
२. रासायनिक खताऐवजी थोडं कंपोस्ट, आणि मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन.
३. बोअरऐवजी नळाचं पाणी, आणि अधूनमधून भरपूर, म्हणजे मीठ मुळांखाली वाहून जातं.
४. बुरशीनाशक आणि सारखी खुरपणी बंद. खुरपणीने तंतू तुटतात.

पूड म्हणजे जादू नव्हे. मीठ फारच झालं तर बुरशीचीही वाढ खुंटते. आमचं रोप जगलं ते पाण्यामुळे की बुरशीमुळे, हे एका झाडावरून सांगता येणार नाही. पण यंदा पहिली सात लिंबं लागली आणि त्यांचं लोणचंही घातलं. मीठ अर्थातच बरणीत, मातीत नव्हे!

तुमच्या अंगणातले अनुभवही जरूर कळवा.